अंतराच्या खोलीतला गारठा

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की प्रताप सोवनी घराची हिवाळ्याची कामं काढायचा. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या या घरात त्याला आणि शुभाला चौतीस वर्षं झाली होती. आधी अंगणातल्या नळांचं पाणी आतून बंद करून पाइपांत उरलेलं गळू द्यायचं, होजपाइप गुंडाळून गराजमध्ये टांगायचा. मग शिडी लावून छपराच्या पन्हळीतली ओकची कुजकी पानं काढायची. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायचा. पायऱ्या निसरड्या होऊ नयेत म्हणून टाकायच्या मिठाची पोती आणायची, कारण पहिला बर्फ पडला की दुकानात मिळत नाहीत. प्रतापने आयुष्यभर इमारतींच्या हीटिंगची डिझाइन्स केली होती. हवेला जायला वाट आणि दाबातला फरक लागतो, बाकी तिच्यात काही गूढ नाही, असं तो सांगायचा.

यंदा मात्र घाई होती. अंतराच्या नवऱ्याला, ऋषीला, कंपनीने दोन महिन्यांसाठी सिएटलला पाठवलं होतं, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर अंतरा नऊ आठवड्यांच्या अनिकाला घेऊन माहेरी यायची होती. राहणार ती अर्थात तिच्याच जुन्या खोलीत. आणि नेमकी तीच खोली घरातली सगळ्यात गार. खाली थर्मोस्टॅट सत्तर फॅरनहाइटवर असला तरी वर त्या खोलीत एकसष्टच्या पुढे पारा कधी गेला नव्हता. अंतराने सगळं लहानपण तिथे दोन रजया घेऊन काढलं होतं.

"तेव्हाच का नाही बघितलंस रे?" शुभाने विचारलं. तीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम केल्यामुळे तिच्या साध्या प्रश्नालाही तपासणीचा सूर असायचा.

"उत्तरेची खोली आहे, गार असणारच, असं धरून चाललो. आता बघतो."

त्याने दोन्ही खिडक्यांच्या कडांना सिलिकॉन भरलं, दाराखाली रबराची पट्टी लावली, माळ्यावर जाऊन त्या खोलीच्या वरच्या बाजूला जाड इन्सुलेशन अंथरलं. तीन दिवस गेले. पारा एकसष्टवरच.

मग त्याने उदबत्त्यांचा पुडा घेतला. फर्नेस बंद केला, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि पेटती उदबत्ती भिंतीभिंतीने फिरवायला लागला. जिथे फट असेल तिथे धूर वाकतो, इतकं साधं. बाहेरच्या दोन्ही भिंतींपाशी धूर सरळ उभा राहिला. खिडक्यांपाशीही. तो पलंगामागच्या भिंतीशी आला, तिथे विजेचा एक सॉकेट होता. धूर वाकला आणि सॉकेटच्या कडेने आत गेला.

ही भिंत आतली होती. तिच्या पलीकडे कपड्यांचं कपाट, त्याच्यापुढे जिन्याचा पॅसेज. बाहेरच्या हवेचा इथे संबंधच नव्हता. प्रताप हात स्थिर ठेवून बघत राहिला.

धूर आत जायचा थांबला. क्षणभर सरळ उभा राहिला. मग हळूच त्याच्या तोंडाकडे परत आला.

पुन्हा आत. क्षणभर थांबला. पुन्हा बाहेर.

त्याने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, चौदाच. वारा असता तर एकसारखा आला नसता. पंखा, फ्रिज, तळघरातला पंप, एकेक बंद करून त्याने पाहिलं. चौदा.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटाच्या बाजूने भिंतीला बोटाएवढं भोक पाडलं आणि टोकाला कॅमेरा असलेली वायर आत सोडली. फोनच्या पडद्यावर दिसली ती दोन लाकडी खांबांमधली चौदा-पंधरा इंच रुंद आणि मनगट मावेल इतकीच खोल पोकळी. वर फळी, खाली फळी. सॉकेटची पिवळी वायर. उंदराची लेंडीसुद्धा नव्हती. सॉकेट सोडला तर हवा जायला-यायला कुठूनही वाट नव्हती.

फक्त पडद्यावरचं चित्र दर चार सेकंदांनी धुरकट व्हायचं आणि परत स्वच्छ व्हायचं. आरशावर कुणी हाऽऽ केल्यावर होतं तसं.

हे त्याने शुभाला सांगितलं नाही. त्याच दुपारी त्याने कपाटातलं भोक बुजवलं, वीज बंद करून सॉकेट बाजूला घेतला, फोमचा कॅन आणून सॉकेटचं भोक भरलं. फोम फुगत फुगत पिवळा होऊन कडक झाला. सॉकेटच्या जागी त्याने कोरी पट्टी बसवली आणि रंगाचा हात दिला.

तासाभरात खोलीचा पारा एकसष्टवरून चौसष्टवर आला. संध्याकाळी अडुसष्ट. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती खोली उबदार झाली होती. जेवताना प्रताप खुशीत होता. शुभा म्हणाली, "चला, पोरीला नीट झोप तरी लागेल. ती अनिका तासभरसुद्धा झोपत नाही म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळणा जोडायला वर गेला. स्क्रू पिळता पिळता त्याला बारीक टकटक ऐकू आली. गरम होताना भिंतीचं लाकूड वाजतं, हे त्याला माहीत होतं. पण ही टकटक पट्टीतून येत होती. पट्टी आत ओढली जात होती आणि सुटत होती. त्याने मोजलं. मिनिटाला तेवीस.

तिसऱ्या प्रहरी छत्तीस. भिंतीला हात लावला तर जिप्समचा तो गुळगुळीत तक्ता तळव्याखाली पोटासारखा वरखाली होत होता.

दोन दिवस तो वर गेलाच नाही. बागेतली कामं उकरून काढली, आधीच साफ केलेली पन्हळ परत साफ केली. तिसऱ्या दिवशी दुपारी शुभा पाळण्यात चादर घालायला गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. चारच वाजले होते, पण नोव्हेंबरचा उजेड विझत आला होता. शेवटी तो जिना चढला.

शुभा पलंगावर गुडघे टेकून बसली होती. एक तळवा भिंतीवर, नजर मनगटावरच्या घड्याळात. त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "हे कधीपासून?"

"फट बुजवल्यापासून. त्याआधी संथ होतं."

"आता संथ नाहीये. तुटक आहे. मध्येच थांबतंय." तिचा आवाज अगदी कोरडा होता. "हे असं मी वॉर्डात पाहिलंय, प्रताप. असं झाल्यावर फार वेळ नसतो."

"शुभा, आत काही नाही. मी कॅमेरा घालून बघितलंय."

"मी आत काय आहे ते विचारलं नाही. उघड ते."

"परवा अंतरा येतेय. बाळ—"

"उघड म्हणते ना!"

त्याने कटर आणला. रंगाखाली पट्टीचे स्क्रू सापडेनात. पट्टी निघाली. त्याने फोममध्ये पातं खुपसलं आणि चिरत गेला. पिवळे तुकडे चादरीवर पडत राहिले.

भिंत आत ओढली गेली. तशीच राहिली.

शुभा पुटपुटली, "घे. घे ना."

शेवटचा तुकडा निघाला.

आतून एक लांब, गार झोत आला. दोघांच्या तोंडावरून, खोलीभर. पाळण्यावरची कापडी माशांची माळ हलली.

मग काही नाही.

प्रतापने उदबत्ती पेटवली, सॉकेटच्या भोकाशी धरली. धूर सरळ वर गेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शुभाने भिंतीवरचा हात काढला नाही. अंधार पडल्यावर तिने तो काढला आणि फोमचे तुकडे गोळा केले.

त्या रात्री कुणालाच जेवण गेलं नाही. भोक त्यांनी उघडंच ठेवलं. तरी पारा खाली आला नाही, अडुसष्टवरच राहिला.

अंतरा आली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. अनिका गाडीत सबंध वाट रडली होती, दारातही रडतच होती. "बाबा, आय ॲम सो टायर्ड," अंतरा म्हणाली, "नऊ आठवड्यांत सलग दोन तास झोपले नाहीये मी." तिने बाळाला वर नेलं. पाच मिनिटांत रडणं थांबलं.

अनिका पाच तास झोपली. उठली, दूध प्यायली, हसली आणि परत झोपली. दुसऱ्या दिवशीही तसंच. अंतराच्या चेहऱ्यावर रंग आला. "काय केलंस या खोलीचं? इतकी वॉर्म कशी झाली? आता इथून हलत नाही मी, ऋषीलाच इकडे बोलावते." प्रताप हसला. खोली बदल, हे वाक्य दोन दिवस त्याच्या ओठांवर होतं. पण लेक पहिल्यांदाच पोटभर झोपत होती, आणि वाक्याच्या पुढे काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते अनिकाला तिथल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. वजन वाढलं होतं. सगळं ठीक, डॉक्टर म्हणाला, फारच शांत बाळ आहे, नशीबवान आहात.

दुपारी अंतरा खाली सोफ्यावर झोपली होती. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. शुभा वर बाळाजवळ होती. प्रताप खोलीत गेला तेव्हा ती पाळण्याशी उभी राहून घड्याळ बघत होती. तिने मिनिट पुरं केलं. मग ओठ घट्ट मिटून दुसरं मिनिट मोजलं. मग तिसरं.

"किती?" त्याने विचारलं.

"तान्ह्या बाळांचे श्वास मिनिटाला चाळीसच्या आसपास असतात," ती म्हणाली. मोजलेला आकडा तिने सांगितला नाही.

अनिकाचे गाल गुलाबी होते. मुठी सैल. तिची छाती हळूहळू भरत होती, थांबत होती, हळूहळू उतरत होती, जेवून आडव्या झालेल्या मोठ्या माणसासारखी. प्रताप पाळण्याच्या कठड्यावर वाकला आणि त्याने आपला गाल तिच्या तोंडाजवळ नेला.

श्वास गालाला लागला. गार होता.