पाचव्या तुकड्यावर ठोका

"भिंतीलाच प्रश्न विचारताय की काय?"

दाक्षायणी दचकली. मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलबाहेर भिंतीकडे तोंड करून ती मानेच्या स्नायूचं नाव पुटपुटत होती — स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड — आणि दर वेळी अर्ध्यावरच जीभ अडखळत होती. मागे शिवपुत्र हिरेमठ उभा होता; गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत नापास होऊन तिच्या वर्गात आलेला.

"हसू नका. उद्या तोंडी आहे. आमच्या वळसंगच्या शाळेत असले शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेच नाहीत. नापास झाले तर अप्पा घरी नेणार... आणि मामाशी लग्न लावून देणार."

त्याचं हसू विरलं. त्यानं कठड्यावर बोट टेकवलं. "तुकडे करा. स्टर्–नो–क्लाय–डो–मॅस्–टॉइड. आपण सगळे तुकडे सारखेच म्हणतो, म्हणून शब्द अंगावर येतो. खरा जोर पाचव्यावर. तिथं ठोका द्या, बाकीचे हलके सोडा."

तिनं ठोका दिला. शब्द चक्क सुटला! लाजून तिनं मान वळवली.

"हां... तोच स्नायू उभा राहिला बघा," तो हळूच म्हणाला. "लई सुरेख दिसतो की."

"अभ्यास करा!" ती म्हणाली खरी, पण वसतिगृहापर्यंत तिची बोटं छातीशी धरलेल्या पुस्तकावर ठोके देत राहिली.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी चिमट्यानं प्रेताच्या मानेतला तोच स्नायू उचलला. "नाव?"

तिच्या डोळ्यांपुढे अप्पा आले, तिची पत्र्याची ट्रंक उचलताना... टेबलावर तिचं बोट वाजलं. शब्द पूर्ण आला.

"ही टकटक कसली?" परीक्षक कडाडले. "बाहेरून कुणी खुणा करतंय?"

"नाही, सर. जोर कुठे द्यायचा, ते लक्षात राहतं. शिकवलंय... एकानं."

"कुणी?"

दारात ताटकळणाऱ्या मुलांची कुजबुज थांबली. त्यांत शिवपुत्रही होता, चेहरा पांढराफटक. गप्प बसावं तर कॉपी ठरणार. मुलाचं नाव घ्यावं तर ते वळसंगला पोचणार...

"शिवपुत्र हिरेमठ." दारापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बरं शिकवतो. तू पास. त्यालाच पाठव आता."

दारात तो पुटपुटला, "एवढ्या मोठ्यानं नाव घेतलंत... आता अप्पांना कळणार की."

"म्हणून तुम्हीच येऊन सांगा त्यांना," ती म्हणाली. "घाबरलात?"

"लई."

"मीही. पण आधी आत जाऊन पास व्हा. नापास माणसाला अप्पा दारात उभं करणार नाहीत."