इथपर्यंत माझं काम

त्या मशीनवाल्याला बोलायची रीत म्हणून नव्हती. आमच्या लाँड्रीत पहिल्यांदा आला, मी खुर्ची पुढे केली, तर बसायच्या आधीच म्हणतो, "मावशी, मी काय काय करणार नाही ते आधी सांगतो." अरे, कामाला आलास की नकार वाटायला?

आधीचा मेकॅनिक कसा साखरेत घोळलेला. सगळं बघतो म्हणायचा, आणि मशीन बंद पडलं की फोन उचलायचा नाही. मग हॉटेलांच्या ओल्या चादरींचे डोंगर आणि आम्ही दोघी मायलेकी. माझ्या धाकटीला तसल्या गोड बोलण्याचा आणखीही एक चटका बसला होता. जन्मभर सुखात ठेवीन म्हणणारा एक जण लग्न ठरता ठरता असा गुल झाला की... जाऊ दे, त्याच्या नावाने जीभ कशाला विटाळू. तेव्हापासून पोरीने कुणा पुरुषाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

म्हणून या खेपेला तिने पक्का करार करायचं ठरवलं. कोणतं काम, कुठून कुठपर्यंत, किती वेळा, सगळं कागदावर. मी अक्षरं जुळवत जुळवत वाचते, पण माणूस एका नजरेत वाचते, असा माझा तोरा. हा काही मला रुचला नाही. त्याने खिशातून खडू काढला, वाफेच्या पाइपावर रेघ ओढली आणि सांगितलं, इथपर्यंत माझं काम, भिंतीतलं नाही. मी कपाळाला हात लावला. आणि धाकटी त्या रेघेकडे अशी बघत होती, जसं कुणी तिच्यासाठी फुलं आणलीत.

"महिन्यातून किती वेळा याल?" तिने विचारलं.

"दोनदा. मंगळवारी, नऊला."

"उशीर झाला तर?"

"कळवीन."

"आणि विसरलात तर?"

त्याने खडू खिशात ठेवला. "हे गिऱ्हाईक... विसरण्यासारखं नाही."

तिने मान खाली घालून घाईघाईने काहीतरी खोडलं. मी चष्म्यावरून पाहिलं, कागदावर अजून एक अक्षर नव्हतं.

एका पानाचा तो करार तीन आठवडे चालला. कधी मशीनचा नवा पट्टा कुणी आणायचा ते राहिलं, कधी देखभाल म्हणजे नक्की काय ते अडलं. कागदावर वाकलेली दोन डोकी, भोवती वाफ... आणि पोरीच्या गालांवरची लाली काही इस्त्रीच्या धगीची नव्हती.

सह्या झाल्या. पुढच्याच मंगळवारी भिंतीतला पाइप फुसफुसायला लागला. याने आपल्या बाजूची वाफ बंद केली, आम्हाला बाहेर काढलं आणि प्लंबरला बोलवा म्हणाला. मी तोंड सोडलं, हात लावलास तर झिजशील का?

"ते काम मला येत नाही, मावशी. येतं म्हणून हात घातला तर कुणीतरी भाजेल."

प्लंबर येईपर्यंत तो दारातून हलला नाही. प्लंबरने भिंत उघडली आणि सांगितलं, आत दाब साठला होता, अनाडी हात लागता तर वाफ थेट तोंडावर येती. त्या दिवशी मी शब्द गिळला. गिळायची सवय नाही, घशात अडकला.

आणि मग तो आला गुरुवारी. ठरलेला वार नसताना, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. धाकटी एकाच चादरीची तिसऱ्यांदा घडी घालत होती. त्याने सरळ माझ्याकडे तिच्यासाठी मागणी घातली. तिचा होकार होता, पण आईचं मन मोडून पाऊल टाकणार नाही, असं तिने त्याला बजावलं होतं. म्हणजे सगळं माझ्या जिभेवर आलं.

मी विचारलं, "माझ्या लेकीला सुखात ठेवशील?"

"तसं वचन देत नाही."

घडी घालणारे हात थांबले.

"सुख एकट्याच्या हातचं नसतं," तो अडखळत म्हणाला. "मी... रुसलो तरी बोलणं टाकणार नाही. त्या आजारी पडल्या तर उशाशी बसेन. जिथे जाईन तिथे सांगून जाईन. एवढं माझं नक्की. बाकीचं... दोघांनी मिळून."

मी धाकटीकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरलेले, आणि मान वर. ती त्याच्याकडेच बघत होती.

"हे बघ," मी त्याला म्हटलं, "तू कोरडा आहेस, हेकट आहेस, सासूची मर्जी राखणं तुला सात जन्मांत जमायचं नाही. पण तुझ्या शब्दावर मला दुसऱ्याची साक्ष काढावीशी वाटत नाही, आणि असा माणूस मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहतेय. जावई म्हणून पसंत आहेस."