मंगळावर चाकात हवा भरताना

पंप घरघरत होता, नळी चाकाला घट्ट बसली होती, तरी दाबमापकाचा काटा (हवा किती जोराने रेटते ते दाखवणारी सुई) ढिम्म हलत नव्हता. सकाळी मंगळावरच्या वसाहतीच्या घुमटात याच चिमुकल्या कॉम्प्रेसरने चाक बघता बघता टम्म फुगवलं होतं. म्हणून तर केतकीने तो निवडला होता.

तिच्या बाबांची गाडी दूर दरीपाशी पंक्चर होऊन अडकली होती. भोक त्यांनी बुजवलं होतं, पण हवा भरणार कशाने? संध्याकाळी धुळीचं वादळ येणार होतं आणि मदतीच्या गाडीत एकाच कॉम्प्रेसरला जागा होती. हवेवर संशोधन करणाऱ्या मालूआत्याने निघण्याआधी अंतराळपोशाख घालून घुमटाबाहेर एका जादा चाकावर तो चालवून बघायला लावला, हे नशीबच म्हणायचं.

केतकीला रडू येऊ लागलं.

"पंप हवा तयार करत नाही, केतू," आत्या म्हणाली. "असलेली हवा घेतो आणि दाबतो. इथे आहेच किती?"

मग तिने समजावलं. पृथ्वीवर डोक्यावर मैलोनमैल हवा असते आणि ती आपल्या वजनाने खालच्या हवेला दाबून ठेवते. म्हणजे पंपाचं बरंचसं काम तिथे आकाशच करून ठेवतं. घुमटातही तेवढाच दाब राखलेला असतो. मंगळाच्या हवेचा दाब त्याच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. छोट्या पंपाने ती दहापट दाबली, तरी चाकाची झडप (हवा आत घेणारं, पण बाहेर न सोडणारं, स्प्रिंगने घट्ट मिटलेलं दार) उघडत नाही.

आकाशालाही वजन असतं! केतकी वर बघतच राहिली. एवढा भार डोक्यावर घेऊन पृथ्वीवरची मुलं पळतात, उड्या मारतात.

"दाबलेली हवा पुन्हा दाबली तर?" तिने विचारलं.

आत्याचा चेहरा खुलला. तसा कॉम्प्रेसर होता, पण अवजड म्हणून केतकीनेच सकाळी त्याला नाक मुरडलं होतं. त्यात तीन नळकांडी होती. पहिलं पिंपाएवढं, पुढची लहान लहान. पहिल्याने दाबलेली हवा दुसरं घेई, दुसऱ्याची तिसरं. तो बाहेर आणून चालवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग काटा थरथरला आणि हळूहळू वर सरकू लागला. आत्या लगेच तो घेऊन निघाली.

क्षितिजावर वादळाची तांबूस भिंत उठली, तेव्हा दोन्ही गाड्या घुमटाच्या दाराशी आल्या. केतकीने बाबांच्या गाडीच्या चाकावर हातमोज्यातला हात ठेवला.

"आत्या, यात केवढं आकाश मावलं असेल?"

"तुझे बाबा घरी येतील एवढं," आत्या म्हणाली. "बाकीचं पृथ्वीसारखं दाट करायचं काम तुमच्या पिढीचं."

बाबा गाडीतून उतरत होते. केतकी त्यांच्याकडे धावली.