आडवी ठेवलेली नळी

ही घडलेली गोष्ट आहे. मला ती सख्ख्या काकांनी सांगितली, आणि काकांना धड थाप मारता येत नाही.

वहिनींच्या पत्राला काकांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एवढंच होतं, "भावजी, खरं सांगा. यांच्या हातून चूक झाली होती का?"

'हे' म्हणजे टिचकीभाऊ, कारखान्यातले काकांचे जोडीदार. तिथे वितळलेल्या मिठावर चालणाऱ्या बॅटऱ्या बनत. एकीकडे मिठाचा रस, दुसरीकडे धातूचा, मधे सिरॅमिकची नळी. तिला तडा गेला की दोन्ही रस भिडायचे, आणि आग.

टिचकीभाऊ प्रत्येक नळीला नखाने टिचकी मारत. खणखणीत वाजली तर उभी ठेवत. आवाज बद्द आला तर आडवी, तोंड भिंतीकडे.

एके दिवशी एका बॅटरीने पेट घेतला. टिचकीभाऊ त्यात गेले.

'तपासणीत हयगय,' साहेबांनी अहवालात लिहिलं. खाली काकांनी सही केली.

पुढच्या वर्षी, भर दुपारी... सगळे जेवायला गेले होते. यंत्रं बंद. तपासणीच्या खोलीत काका एकटेच.

खण्ण...

खण्ण...

काकांनी वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

खण्ण...

आणि मग... बद्द.

रॅकवरची एक नळी आडवी झाली होती. पडली नव्हती. जपून ठेवलेली. तोंड भिंतीकडे.

साहेब जेवून आले आणि हसले. "काय काका, भुतालाही ओव्हरटाइम लावलात? उभी करा ती. एक्स-रेमध्ये ठीक आहे."

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

हेच शब्द त्यांनी आधीही ऐकले होते. टिचकीभाऊंनी आडवी ठेवलेली नळी तेव्हा उभी केली होती ती काकांनीच.

या वेळी त्यांनी हात लावला नाही. तसेच घरी आले, ते कायमचेच.

रात्री ते पत्र लिहायला बसले. 'वहिनी, चूक भाऊंची नव्हती. त्यांनी नळी आडवीच ठेवली होती. मागाहून ती कुणीतरी उभी केली.'

काकूंनी खांद्यावरून वाचलं. "कुणीतरी? नाव लिहायला शाई संपली वाटतं?"

काकांनी पाकीट चिकटवलं.

सकाळी कोपऱ्यावरच्या पत्रपेटीत त्यांनी ते टाकलं आणि वळले.

पेटीच्या आत... पत्र्यावर नव्हे, कागदावर... नखाची टिचकी वाजली.

बद्द.

काकांनी फटीत बोटं घातली. पोचली नाहीत. पेटीला कुलूप होतं.

पत्र तसंच गेलं.