मुळांचा निरोप आणि एक ‘तुम्ही’

“माझं जनुक कचऱ्यात कोणी टाकलं?”

मेक्सिकोतल्या कुएर्नावाकाच्या आमच्या प्रयोगशाळेत मी घेवड्याच्या रोपांचा ट्रे हातात घेऊन तशीच तणतणत शिरले. संगणकापुढचा नवा माणूस दचकून उठला तो थेट ट्रेवरच आपटला. शर्टभर माती!

“मी टाकलं… म्हणजे प्रोग्रॅमने. फारच छोटं होतं. एवढ्या छोट्यांना आम्ही गोंगाट समजतो.”

“छोटं म्हणून गोंगाट? तुझी उंची किती रे?”

तो मनापासून हसला. नेरेओ त्याचं नाव, कोलंबियातल्या बोयाकाच्या डोंगरांतला. त्याच संध्याकाळी त्याने प्रोग्रॅममधली लांबीची अट काढून टाकली, आणि माझं इवलंसं जनुक पडद्यावर हजर झालं.

माझं म्हणणं एवढंच होतं, की मुळांवर नत्राच्या पुरेशा गाठी धरल्या की मूळ एक चिमुकलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, पानांकडे धाडतं – बास आता! आणि तो निरोप या जनुकाचाच. पटवायचं तर कलमं करायला हवीत, एका रोपाचा शेंडा दुसऱ्याच्या मुळावर. त्याला दोघं लागतात. तो देठ धरायचा, मी क्लिप लावायची. हरितगृहावर पाऊस वाजायचा, बोटांना बोटं लागायची…

“श्वास रोखून धर,” मी म्हणायची.

“तू एवढी जवळ आलीस की तो आपोआपच रोखला जातो.”

मी पार वेडी झाले होते त्याच्यासाठी.

आणि एका मंगळवारी तो म्हणाला, “युनुएन, तुम्ही क्लिप देता?”

तुम्ही! आमच्याकडे ‘तुम्ही’ म्हणजे साहेब, पोलीस आणि सासू. मीही फणकाऱ्याने म्हटलं, “घ्या, डॉक्टर.” तर हा मेला गालातल्या गालात खूश! वर कळलं, त्याला मायदेशातून, बोगोटाहून, नोकरीचं बोलावणं आलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

शुक्रवारी आम्ही कलमांची मुळं धुतली. जनुक जागं केलेल्या मुळांवर गाठी मोजक्याच होत्या. ज्यांच्या शेंड्याला निरोप ऐकूच येत नाही, त्यांच्यावर मात्र गाठीच गाठी. माझं खरं ठरलं होतं, आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर त्याची दोन वर्षांची भाची.

“राणी, तुम्ही दूध प्यायलात? मामाला पापा द्या बघू!”

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “एवढ्याशा पोरीला तुम्ही?”

“मग? आमच्या घरी जिच्यावर जीव असतो तिला ‘तुम्ही’च म्हणतात. ‘तू’ परक्यांना.” तो अडखळला. “मंगळवारी मोठा धीर करून म्हणालो होतो… तुम्हीही लगेच ‘घ्या’ म्हणालात. मला वाटलं…”

“आणि मला वाटलं, माझ्यावरचं मन उडालं!”

तो हळूच म्हणाला, “बोगोटाला काय कळवू?”

“अहो,” मी म्हटलं, “नाही म्हणून कळवा.”