काचेपलीकडची चढाई

मे महिन्यात अकोल्याची दुपार माणसांची नसते. जेवणं आटोपली की दारं लागत, खिडक्यांवरची पोती भिजवली जात, आणि मोर्णेच्या कोरड्या पात्रापर्यंत एक माणूस दिसत नसे. अशाच एका दुपारी धर्मपाल स्टेशनवरून टांग्यानं घरी आला. तो अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होता आणि उन्हाळ्याची सुटी लागली होती. ट्रंक त्यानं टांग्यात मागे टाकली होती, पण चादरीत गुंडाळलेलं एक जड यंत्र बडनेऱ्यापासून मांडीवर धरून आणलं होतं.

"हे काय आनलं?" मैनानं विचारलं.

"तुह्यासाठी खेळ हाय."

"मी काय लहान हाओ का आता, दादा?"

मैना त्याची धाकटी बहीण. क्षयानं तिची दोन वर्षं खाल्ली होती. इंजेक्शनं संपली, रोग गेला, पण एक फुप्फुस आक्रसून राहिलं. डॉक्टरांनी धर्मपालला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, पावसाळ्याआधी छाती उघडली नाही तर पहिली साधी सर्दीसुद्धा तिला झेपायची नाही. दम वाढवा. फुगे फुगवायला द्या. मैनानं ते फुगे गल्लीतल्या पोरांना वाटून टाकले होते.

हीच मैना एके काळी परकर खोचून मुलांबरोबर हुतूतू खेळायची. तिला चारचौघांनी धरलं तरी तिचा दम तुटत नसे; शेवटी धरणारेच कंटाळून सोडून देत. धर्मपालला यंत्र सुचलं ते त्या आठवणीतून.

त्यानं नागपूरला लष्कराच्या भंगारातून एक ऑसिलोस्कोप मिळवला होता. वाटोळी काच, आणि काचेवर विजेचा एक हिरवा ठिपका. त्याला त्यानं एक मायक्रोफोन जोडला, एक लहान कर्णा जोडला. महिन्याभरापूर्वीच एक माणूस पृथ्वीभोवती फेरी मारून जिवंत परत आला होता, आणि वस्तीतली शेंबडी पोरंसुद्धा आभाळात जायच्या गोष्टी करत होती. म्हणून ठिपका म्हणजे यान. काचेवर तेलकट कागद चिकटवून त्यानं खाली पृथ्वी काढली, मध्ये दगडगोट्यांचा रानोमाळ पसारा, आणि वर चंद्र. मायक्रोफोनपुढे हुतूतू म्हणत राहायचं. आवाज आहे तोवर यानात ताकद. दोन बटणांनी ते वळवायचं, दगड चुकवायचे, चंद्राला शिवायचं आणि त्याच दमात परत यायचं. दगड लागला किंवा आवाज तुटला की ठिपका कोसळून विझत असे.

खेळ कठीण होता. धर्मपालचं यान दर वेळी अर्ध्या वाटेतच विझे.

"मास्तर, तुमचा गडी बाद," मैना हसून म्हणायची. "कॉलेजात पोराइले हेच शिकवता का?"

आठवड्याभरात ती चंद्राला शिवून येऊ लागली. धर्मपालची बायको मनकर्णा हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाही. दोन वर्षं मैनाचं आजारपण तिनंच काढलं होतं. एक दिवस मैनानं हापशावरून भरलेली बादली एकटीनं आणली, तेव्हा मनकर्णानं डोळ्यांना पदर लावला.

आपली चढाई

एका दुपारी मैनानं चंद्राला शिवून यान परत फिरवलं नाही, धर्मपाल म्हणाला मैना फिरव, पण ती हुतूतू हुतूतू करत बटण पिळत राहिली, ठिपका कागदाच्या कडेला गेला, कडेवरून काचेच्या बाहेर गेला, काच काळी झाली आणि तरी तिचा आवाज सुरू, डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, एक हात पुढे आलेला, बोटं पसरलेली, जशी समोरच्या गड्याच्या अंगाकडे जातात तशी, आणि मग हात एकदम मागे, आणि ठिपका काचेच्या त्याच कडेतून आत, दगड चुकवत, खाली, खाली, पृथ्वीवर.

ती उशीला टेकून धापा टाकत राहिली. धर्मपाल म्हणाला, "बाहेर काही नाही. काच संपली की ठिपका दिसत नाही, एवढंच."

"कोनीतरी उभं होतं," मैना म्हणाली. "मी शिवून आली."

"कोन?"

"मले काय माहीत? लयच थंड होतं पन."

त्यांची चढाई

दुसऱ्या दिवशी यंत्र तापायला लावून ते जेवायला बसले. मायक्रोफोन खिळ्याला टांगलेला होता. धर्मपालनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कर्ण्यातून गुणगुण ऐकू आली. बाईची नव्हे, पुरुषाचीही नव्हे. एका सुरात, न तुटणारी. काचेच्या कडेतून एक ठिपका आत आला.

तिघंही हात ताटात ठेवून पाहत राहिले. ठिपका दगडांमधून सावकाश खाली उतरला. नवा खेळाडू अंदाज घेतो, तसा दोन वेळा थबकला. पृथ्वीच्या रेघेला टेकला, मग भरकन परत गेला आणि कडेबाहेर नाहीसा झाला. गुणगुण थांबली. एवढ्या वेळात त्या आवाजानं एकदाही श्वास घेतला नव्हता.

"कोणाचा तरी रेडिओ," धर्मपाल म्हणाला. "तारेत शिरतो कधी कधी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या दुर्गाबाईंची किंकाळी आली. त्यांचे यजमान पुंजाजी पाण्याच्या रांजणाजवळ पडले होते. हातात पाणी प्यायचा गडवा तसाच होता. वैद्य म्हणाले ऊन लागलं. त्या आठवड्यात ऊन कितीतरी जणांना लागलं होतं. संध्याकाळी त्यांना पुरायला नेताना धर्मपालनं खांदा दिला.

घरी आला तेव्हा मैना खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"दादा, आपून गेलो का मंग त्याइची बारी येते. हे आपल्या ध्यानातच नाही आलं."

"मैना, पुंजाजीकाकाचं वय झालं होतं."

"मी त्याइचा एक गडी बाद केला. त्याइनं आपला केला. आता आपली बारी हाय. मले जाऊ दे. गडी शिवून आली का आपला एक उठते. जो पयले बाद, तो पयले उठते."

"गेलेला माणूस उठतो? तू शिकलेली पोरगी हायेस."

"मंग खेळाले काहून घाबरून राह्यला?"

आदल्या दुपारच्या धापेनंतर तिच्या रुमालावर त्याला तांबूस डाग दिसला होता, एवढंच तो मनाशी म्हणाला. त्यानं यंत्राच्या तारा काढल्या, ते ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यानं गळ्यात अडकवली. मनकर्णा म्हणाली, "बरं केलं. लय झालं ते डबडं."

मैना तीन-चार दिवस ट्रंकेकडे पाहत खाटेवर पडून राहिली. एकदा म्हणाली, "आपून नाही गेलो तर बारी फुकट जाते, दादा. खेळ थांबत नाही."

त्यांची चढाई

भर दुपार. गल्लीच्या टोकाकडून गुणगुण आली.

धर्मपालनं आधी ट्रंकेला हात लावून पाहिला. पत्रा थंड होता. आत काही चालू नव्हतं.

आवाज घरांवरून घरांवरून पुढे सरकत होता. घाई नव्हती. गल्लीत वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी शेजारच्या खिडकीवरचं ओलं पोतं आत फुगलं, मग पलीकडचं, मग त्यांचं. मग आवाज खोलीत होता. तो कुठून येतो ते कळत नव्हतं. फक्त खोलीत जागा कमी झाली होती.

मैना खाटेवरून उठली. पाय फाकवून, हात पसरून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. डावीकडे सरकली. वाकली. उडी मारून भिंतीशी गेली. ती हसत होती.

मग तिनं आपल्या खांद्याकडे पाहिलं.

गुणगुण गल्लीतून धावत परत गेली. मैना भिंतीला घासत खाली बसली आणि तशीच राहिली.

"मैनाबाई!" मनकर्णा ओरडली. तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, नाकापुढे हात धरला. "अवो, श्वास नाही. डॉक्टरले आना ना! अवो, हे काय करून राह्यले तुमी?"

धर्मपाल ट्रंकेचं कुलूप काढत होता.

आपली चढाई

तारा जोडल्या, काच तापेपर्यंत थांबला, ठिपका उगवला आणि त्यानं छाती भरून घेतली हुतूतू हुतूतू, मागून मनकर्णा म्हणत होती येडे झाले तुमी, बहीण मरून पडली आन् खेळून राह्यले, हुतूतू, पहिला दगड, दुसरा, दर वेळी विझायचा ती जागा, आज विझला नाही, चंद्र, चंद्राची कड, काच काळी झाली आणि डोळे आपोआप मिटले, पुढे काहीच नव्हतं, खाली वर नव्हतं, ऊन नव्हतं, हुतूतू, छातीत आग, आणि कोणीतरी उभं, अनेकजण उभे, हातात हात धरून, त्यानं बोटं पुढे केली, रांजणाच्या तळासारखं गार काहीतरी लागलं, मागे फिरला, हुतू, पाठीमागून ते धावले, हुतू, आवाजाचा एक धागा उरला, तू, पृथ्वी.

त्यानं मान वळवून पाहिलं. मैना तशीच होती.

भिंतीपलीकडून दुर्गाबाईंची हाक आली. आवाज अगदी शांत होता.

"मास्तर... अवो मास्तर. हे आले."

धर्मपालनं भिंतीला कान लावला.

"दारात उभे हायेत. अंगाले माती हाय सारी. पानी मागून राह्यले."

जो पयले बाद, तो पयले.

मनकर्णा भिंतीकडे पाहत होती. तिच्या मांडीवरचं डोकं जड झालं होतं.

त्यांची चढाई

भिंतीपलीकडे कोणीतरी हलकेच गुणगुणत होतं.

मग गडवा फरशीवर पडला आणि गडगडत गेला.

"दुर्गाकाकू?" मनकर्णानं हाक मारली.

पुन्हा काही ऐकू आलं नाही.

आपली चढाई

तो दुसऱ्यांदा गेला. कसा गेला ते त्याला पुढे कधी सांगता आलं नसतं. दगड दिसले नाहीत, चंद्र दिसला नाही. तोंडात रक्ताची चव होती. शिवला. परतला. बटणं धरलेली बोटं उघडेनात.

मनकर्णाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

मैनाचा हात हलला होता.

मग पापण्या. मग ती मनकर्णाच्या मांडीवरून उठून बसली, पाठ ताठ करून, आजारपणाच्या आधी बसायची तशी. गालांवर रंग होता. खांद्यावर केस सुटले होते. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि ती दोघांवर येऊन थांबली.

"उठली! अवो, उठली पाहा!" मनकर्णा रडत, हसत उठली. "मैनाबाई, थांबा, पानी देते." ती स्वयंपाकघराकडे धावली.

धर्मपाल यंत्रापाशी ओणवा होऊन धापा टाकत होता. बहिणीकडे पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकल्यासारखं वाटलं त्याला. मग, धाप थोडी बसल्यावर, कानावरचा पडदा बाजूला झाल्यासारखं, त्याला ऐकू आलं.

त्यांची चढाई

कर्णा गप्प होता. गल्ली गप्प होती.

मैनाचे ओठ हलत होते. अगदी बारीक. एका सुरात.

त्यानं तिच्या छातीकडे पाहिलं. ती वर होत नव्हती, खाली होत नव्हती.

मनकर्णा पाण्याचा गडवा घेऊन आली. धर्मपालनं तोंड उघडलं. नको, एवढाच शब्द. त्याच्यात तेवढाही दम उरला नव्हता.

"घ्या माय, सावकाश प्या," मनकर्णानं गडवा पुढे केला.

मैनानं हात पुढे केला. गडव्याकडे नाही. त्याच्या किंचित वर, जिथे मनकर्णाच्या हिरव्या बांगड्या होत्या.