डिसेंबरातला कूलर

"बंद करा ते! आत्ताच्या आत्ता!"

दुपारचे बारा वाजले होते. केस विस्कटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला, आणि मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या गल्लीत भर रस्त्यात ओरडत होते. माझ्या खोलीला लागूनच मोटर वाइंडिंगचं दुकान. आत ग्राइंडरवर ठिणग्या उडवणाऱ्या त्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवला... आणि चक्क हसला!

"हसायला काय झालं? मी नर्स आहे. रात्री ड्यूटी, दिवसा झोप. ती तुम्ही लागू देत नाही! काल वॉर्डात डुलकी लागली. मेट्रन म्हणाली, पुन्हा दिसलं तर नोकरी गेली. मग बाबा मला महूला घरी परत नेतील. समजलं?"

"समजलं, सिस्ट—" तो अडखळला. "नको. सिस्टर नाही म्हणणार मी. नाव सांगा."

"धम्मदीना. आणि आगाऊपणा नको!"

"मी सुगत. कानात काही लावून बघा ना..."

मी मोबाइलच त्याच्या कानाशी धरला. ब्राउन नॉइज. लांबून धबधबा ऐकावा तसा जाड, खर्जातला, न थांबणारा आवाज. बाकीचे आवाज त्यात बुडतात आणि झोप लागते. "रोज हेच लावते. तुमच्या ग्राइंडरपुढे या बिचाऱ्याचं काय चालणार?"

तो डोळे मिटून ऐकत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मग खास इंदुरी ढंगात म्हणाला, "अरे भिया, हा तर आमचा जुना कूलर!"

दोन दिवसांनी त्याने खरंच तो जुना कूलर आणून माझ्या खोलीत, दुकानाकडच्या भिंतीला लावला. पाणी नाही, पंखा मंद, खडखड दबावी म्हणून भोवती जुनी रजई. डिसेंबरात कूलर! सगळी गल्ली फिदीफिदी हसली. मी मात्र पाच तास गाढ झोपले... मग रोजच.

सकाळी ड्यूटीवरून आले की तो शटरपाशी चहाचे दोन ग्लास घेऊन उभा असायचा.

"झोप झाली काल?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मशीनची गॅरंटी दिलीय, मॅडम. पूछना पडता है।"

डोळे लाल असायचे त्याचे. मी नर्स, तरी ठिणग्यांमुळे असतील म्हणून सोडून दिलं. स्वतःचाच राग येतो अजून.

एका दुपारी कूलर खर्रर्र करून बंद पडला. जळका वास आला. मी दचकून उठले, आता ग्राइंडर डोक्यात जाणार म्हणून कान दाबले. पण पलीकडे... काहीच नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चिडीचूप.

बाहेर आले. शटर अर्धं खाली. वाकून पाहिलं, तर तांब्याच्या तारांच्या बंडलांमध्ये सतरंजीवर सुगत झोपलेला, माझ्या खोलीकडच्या भिंतीला पाठ टेकवून.

"उठा! हे काय चाललंय?"

तो धडपडत उठला. "ग्राइंडरचं काम... रात्री करतो. तुमची खोली तेव्हा रिकामी, पलीकडे गोदाम. कुणाला त्रास नाही."

"आणि दिवसा?"

"दिवसा झोपतो. भिंतीतून तोच आवाज येतो ना..."

डोकंच सणकलं माझं! "महिनाभर रात्रीचा दिवस केलात? मला न विचारता? तब्येतीची वाट लावाल! कूलरची कमाल म्हणून मी वॉर्डभर सांगत फिरतेय. सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर झोपला असता तुम्ही?"

नसते झोपले. म्हणून तर आणखी राग आला, आणि रागातच तोंडातून निघून गेलं, "आवडता तुम्ही मला! कळत नाही का एवढं?"

 कान लाल झाले होते त्याचे. मग त्याने माझ्या खोलीतून कूलरची मोटर काढून आणली आणि तार गुंडाळायला बसला. मी बाकावर बसले, हाताची घडी घालून, फुगून.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. गल्लीत रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक, पोरांचा दंगा. अंगावर कूलरची रजई होती.

"झाली मोटर?"

"केव्हाच."

"मग चालू का नाही केली?"

"तुम्ही झोपला होतात. इतक्या गोंगाटात... वाटलं, गरजच नाही."

"तुम्ही काय तुम्ही! तू म्हण. नाहीतर पुन्हा भांडेन."

"भांड ना," तो म्हणाला. "आधी चहा घे."